रयतेचा नागरिक कसा झाला

जालना जिल्ह्यात, गोदावरीच्या उत्तरेला, घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे मोठे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब तेथून जवळच. या गावात १९३० साली जन्मलेला एखादा माणूस समजा तीस वर्षे गावातच राहिला. गावची शीव ओलांडून तो कधी कामधंद्याला गेला नाही. तरी या तीस वर्षांत त्याचे राज्य दोनदा बदलले. प्रथम तो हैदराबाद संस्थानचा रहिवासी होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्याचा झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा. माणूस तोच, घर तेच, शेतही तेच. बदलले ते राज्य.

शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र ही दोन वेगळी पुस्तके असतात. एकात राजे, लढाया आणि सनावळ्या. दुसऱ्यात राष्ट्रपती, लोकसभा आणि ग्रामपंचायत. मुले दोन्ही पाठ करतात, पण या दोन पुस्तकांची गाठ कोठे पडते हे त्यांना सहसा सांगितले जात नाही. ती गाठ मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात पडलेली आहे. तिकडे नीट पाहिले तर राज्य, सरकार, घटना, लोकशाही या शब्दांचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उमगतात.

आधी दोन शब्द वेगळे करू. राज्य आणि सरकार या दोहोंना आपण बोलताना एकच समजतो. राज्याला चार गोष्टी लागतात : लोक, भूमी, कारभार पाहणारे सरकार आणि सार्वभौम सत्ता, म्हणजे जिच्यावर दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नाही अशी सत्ता. सरकार हा या चारांतला एक भाग झाला. निवडणुकीत सरकार पडले म्हणजे देश बुडत नाही. घरचा कारभारी बदलला तरी घर राहते, तसेच हे. म्हणून सरकारवर टीका करणारा देशाचा शत्रू ठरत नाही. आणि दुसरा एक बारकावा असा की, आपण महाराष्ट्राला ‘राज्य’ म्हणतो खरे, पण ते सार्वभौम नव्हे. ते भारत या संघराज्याचा एक घटक आहे. सार्वभौम आहे तो भारत.

आता हैदराबाद संस्थान या मोजपट्टीवर लावून पाहा. १७२४ साली पहिला असफजाह दक्खनेत स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला, तेथून या संस्थानचा आरंभ होतो. आपला मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून हे राज्य झाले होते. १९४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. स्वतःचे टपाल होते, स्वतःची रेल्वे होती, स्वतःचा हाली शिक्का होता. सात हाली रुपये दिले की इंग्रजी सहा रुपये मिळत. इतके सगळे असूनही हे राज्य पुरते सार्वभौम नव्हते, कारण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण यांच्या दोऱ्या इंग्रजांच्या हाती होत्या. म्हणजे लोक होते, भूमी होती, सरकार होते; चौथी गोष्ट मात्र अर्धीच होती.

आतल्या कारभारात निजामाचा शब्द हाच कायदा. त्याच्या हुकुमाला फर्मान म्हणत. १८६५ साली दिवाण सालारजंग यांनी जिल्हे पाडून कारभाराची घडी बसवली. जिल्ह्याच्या प्रमुखाला अव्वल तालुकदार म्हणत, त्याच्या खाली तहसीलदार. गावात पाटील आणि कुलकर्णी, तेही वतनाने. बापाचा अधिकार मुलाकडे येई. कचेरीची भाषा उर्दू, साल फसली. मुलूख तरी एकसारखा कोठे होता? काही दिवाणी, म्हणजे सरकारी. काही सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खाजगी उत्पन्नाचा. आणि काही जहागीरदारांचा. शेजारशेजारच्या दोन गावांना दोन निराळे धनी असत.

या राज्यात काहीच चांगले झाले नाही असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. निजामसागर धरण झाले, उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, जालना आणि परतूरवरून जाणारी मनमाडची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. प्रश्न राजा चांगला की वाईट हा नव्हताच. प्रश्न असा होता की, राजाने चांगले केले तर ती त्याची मेहेरबानी, आणि वाईट केले तर त्याला विचारणार कोण? ज्याला विचारण्याचा हक्क नाही, जो फक्त अर्ज करू शकतो, तो रयत. ज्याला विचारण्याचा हक्क आहे, तो नागरिक. आजच्या भाषणाचे सार एवढ्या दोन वाक्यांत आहे.

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नव्हता, साऱ्या जगाचा होता. इंग्लंडात १२१५ साली जॉन राजाला त्याच्या सरदारांनी एका सनदेवर मोहोर करायला लावले. तिला मॅग्ना कार्टा म्हणतात. स्वतंत्र माणसाला कायद्याच्या निवाड्यावाचून कैद करता येणार नाही, असे एक कलम तीत होते. त्या सनदेने गरीब कुळांना फारसे काही दिले नाही, ती सरदारांनी आपल्यासाठी मिळवली होती. पण राजासुद्धा कायद्याच्या खाली असतो ही कल्पना तेव्हा कागदावर आली. पुढे १६४९ मध्ये त्याच देशात राजाचा शिरच्छेद झाला, आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवणे राजाला बंद झाले.

१७७६ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडचे जू झुगारले. आम्हांला पार्लमेंटात जागा नाही, मग आमच्यावर कर कसा, हा त्यांचा सवाल होता. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. सत्तेचा उगम राजात नाही, राष्ट्रात आहे, असे त्यात म्हटले होते. एका देशाने राजा ठेवून त्याचे हात बांधले, दुसऱ्याने परका राजा झुगारला, तिसऱ्याने घरचा राजाच काढून टाकला. वाटा तीन, पण सवाल एकच : विचारायचे कोणी आणि उत्तर द्यायचे कोणी?

येथे मुलांचा नेहमी होणारा एक घोटाळा दूर करू. लोकशाही आणि प्रजासत्ताक हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. इंग्लंडात आजही राजा आहे, पण कारभार लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ करते. तेथे लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. उलट, ज्या देशात राजा नाही पण एखादा सेनापती निवडणुकीवाचून खुर्ची धरून बसला आहे, तो देश स्वतःला प्रजासत्ताक म्हणवून घेईल, लोकशाही मात्र तेथे नाही. राज्याचा प्रमुख वंशपरंपरेने येत नाही, ते प्रजासत्ताक. राज्यकर्ते लोकांना जबाबदार असतात आणि लोक त्यांना बदलू शकतात, ती लोकशाही. भारतात दोन्ही आहेत.

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ म्हणून एक हुकूम होता. सभा भरवायची तर सरकारची आगाऊ परवानगी काढावी लागे. चार माणसांनी एकत्र बसून गावच्या सुखदुःखाचे बोलायचे, तर तेसुद्धा वरच्या मर्जीने. अशा दिवसांत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. परतूर आजच्या जालना जिल्ह्यातलेच. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची उभारणी झाली, पण तिच्यावर लगेच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्यांची मागणी काय होती? आरंभी निजामाला हाकलून लावा अशीसुद्धा ती नव्हती. ‘जबाबदार राज्यपद्धती द्या’ एवढीच होती. निजाम राहू दे, पण त्याचे मंत्री लोकांना जबाबदार असू देत. म्हणजे इंग्लंडने सतराव्या शतकात जी वाट धरली, तीच परतूरसारख्या गावी मागितली जात होती.

ती मिळाली नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपल्या भागात झेंडा लावणे गुन्हा ठरला. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामाने भारताशी जैसे थे करार केला, पण विलीनीकरण नाकारले. रझाकारांच्या टोळ्यांनी गावे जाळली, लुटली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत कित्येक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, हेही शिक्षकांनी लपवू नये. जुना कायदा पडला होता, नवा उभा राहायचा होता, आणि मधल्या फटीत माणसे मेली. कायद्याचे राज्य का हवे, याचे याहून कठोर उदाहरण दुसरे शोधायला नको.

श्रोतेहो, १७ सप्टेंबर आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी रयतेचा नागरिक झाला का? नाही. त्या दिवशी धनी बदलला. संस्थानावर लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल जयंतनाथ चौधरी आले. त्यांचा अंमल १९४९ च्या अखेरीपर्यंत होता. जानेवारी १९५० मध्ये वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. त्यांची नेमणूक दिल्लीने केली होती, लोकांनी नव्हे. चांगली कामे त्या काळात झाली. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. तरी कारभार वरूनच चाले.

मग बदल झाला कधी? तो तीन पायऱ्यांनी झाला.

पहिली पायरी २६ जानेवारी १९५०. त्याआधी नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून, भारताची घटना हीच हैदराबादची घटना राहील असे मान्य केले होते. गंमत पाहा : फर्माने काढणाऱ्याने फर्मान काढूनच फर्मानांचे राज्य संपवले. निजाम त्यानंतर १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून राहिला, पण घटनेच्या खाली. घटना म्हणजे काय, हे येथे समजते. घटना म्हणजे सरकारलाही पाळावा लागणारा कायदा. साधा कायदा आपल्याला सांगतो की तुम्ही काय करू नये. घटना सरकारला सांगते की तू काय करू नयेस.

दुसरी पायरी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशात सुमारे सतरा कोटी तीस लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कागद टाकायचा. मतदार होण्यास ना शेत लागले, ना शिक्षण, ना घराणे. एकवीस वर्षे पुरी झाली की झाले. १९८९ पासून ही अट अठरा वर्षांची आहे. जगाशी ताडून पाहा : इंग्लंडात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले १९२८ मध्ये, फ्रान्समध्ये १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडात देशपातळीवर तर १९७१ मध्ये. आपल्याकडे कोळपणारी बाई आणि जहागीरदार यांना एकाच दिवशी, एकेकच मत मिळाले.

पण मत मिळणे आणि ते हाती येणे यांत अंतर असते. त्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. कारण यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले, आणि अशा नावाने मतदार होता येत नव्हते. हे बहुतांशी उत्तरेकडच्या प्रांतांत घडले. तरी धडा सर्वांना सारखाच आहे. नागरिक व्हायला आधी स्वतःचे नाव सांगावे लागते.

हैदराबादमध्ये मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मुक्तीपासून साडेतीन वर्षांनी जबाबदार राज्यपद्धती आली. पुढे भाषेप्रमाणे राज्ये झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. जालना हा जिल्हा तर १ मे १९८१ चा. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातले परतूर हे तालुके मिळून तो झाला. घनसावंगी तालुका त्याच्याही नंतरचा. म्हणून जुन्या दप्तरात कुंभार पिंपळगाव शोधायचे तर आजचा तालुका-जिल्हा तेथे सापडणार नाही.

तिसऱ्या पायरीकडे जाण्यापूर्वी सरकारचे तीन भाग पाहू. विधिमंडळ कायदा करते, कार्यकारी मंडळ तो अमलात आणते, न्यायमंडळ तंट्याचा निवाडा करते. फ्रान्सच्या माँतेस्क्यूने १७४८ च्या आपल्या ग्रंथात हे तिन्ही अधिकार एका हाती नसावेत असे बजावले होते. निजामी अमलात तिन्ही दोऱ्या अखेर एकाच हातात जात. आज पंचायतीचा कायदा विधिमंडळ करते. तहसीलदार आणि ग्रामपंचायत अधिकारी तो अमलात आणतात. त्यांनी चूक केली असे वाटले तर गावकरी न्यायालयात जातो, आणि तेथे सरकारलाही वादी-प्रतिवादीच्या ओळीत उभे राहावे लागते.

आता तिसरी पायरी : गाव. मुंबई ग्रामपंचायत कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ चा. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीची वतने गेली, आणि गावकारभाराचा अधिकार जन्माने मिळण्याची रीत संपली. १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पंचायतीत स्त्रियांसाठी निदान एकतृतीयांश जागा ठरल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत.

ग्रामसभा म्हणजे पंचायत नव्हे, हे मुलांना ठासून सांगावे. पंचायत म्हणजे निवडलेले सभासद. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस. दिल्लीच्या लोकसभेत आपण आपला माणूस पाठवतो. ग्रामसभेत आपण स्वतः बसतो. वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत असा महाराष्ट्राचा कायदा आहे. सबळ कारण नसताना सरपंचाने सभा बोलावली नाही तर त्याचे पद जाऊ शकते. ‘गश्ती निशाण ५३’ आठवा. ज्या मुलखात सभा भरवली म्हणून माणसे तुरुंगात गेली, त्याच मुलखात आज सभा न भरवणे ही कसूर मानली जाते. राज्य किती पालटले हे मोजायला याहून चांगले माप नाही.

पण कायद्याने सभा बोलावता येते, माणसे आणून बसवता येत नाहीत. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांत जो आकडा कमी तो, हजर लागतात. न आले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुढे भरते तेव्हा संख्येची अट राहत नाही. मग दहा-बारा जण ठराव करून मोकळे होतात. रस्ता कोणत्या आळीतून जायचा, नळ कोठे बसायचा, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव, हे सगळे तेथे ठरते. आणि आपण पारावर म्हणतो, ‘मायबाप सरकारनं आमच्याकडं बघितलं नाही.’ मायबाप हा शब्द रयतेचा आहे. लेकराने आईबापाकडे हिशेब मागायचा नसतो. नागरिकाने सरकारकडे मागायचा असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत कागद दाखवण्याचे बंधन कचेरीवर घातले आहे.

एकदा मत टाकले की लोकशाहीचे काम संपले, असेही कोणी समजू नये. जर्मनीत १९३३ च्या जानेवारीत हिटलर अधिकारावर आला तो बंड करून नव्हे. त्याच्या पक्षाला निवडणुकीत मते मिळाली होती. दोन महिन्यांत त्याने पार्लमेंटकडूनच कायदे करण्याचा अधिकार स्वतःच्या सरकारकडे घेतला. विचारणारे गप्प झाले की नागरिकाची पुन्हा रयत व्हायला दोन महिने पुरतात.

शिक्षकांना शेवटी एक सुचवावेसे वाटते. वर्गात एक साधा उपक्रम करा. मुलांना घरचे जुने कागद पाहू द्या : सातबारा, फसली सालाची पावती, आजोबांच्या वेळचा मोडीतला किंवा उर्दूतला एखादा दस्त. त्यावर राज्याचे, जिल्ह्याचे, तालुक्याचे नाव काय आहे ते फळ्यावर सनावार लिहा. म्हणजे इतिहास तयार होईल. मग पुढच्या ग्रामसभेची तारीख फळ्यावर लिहा आणि मुलांना सांगा की ती आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सांगा. दुसऱ्या दिवशी विचारा, घरातून कोण गेले होते आणि काय बोलले. ते नागरिकशास्त्र.